बारावीनंतर कृषि शिक्षणाची कोणती शाखा घ्यावी?
(मावळ तालुक्यातील शेतकरी पालकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आवणी सुरू झाली की मावळात कोणाला मान वर करायला सवड नसते, आणि कृषि पदवीच्या प्रवेशफेऱ्या नेमक्या पावसाळ्यातच येतात. मागे एक गृहस्थ चिखलाच्या पायांनीच माझ्याकडे आले. फेरीत मिळालेले महाविद्यालय लांबचे म्हणून त्यांनी सोडले आणि जवळच्या खासगी महाविद्यालयात व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली. त्यासाठी रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा विकला. "आता शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या," म्हणाले. काय सांगणार? राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती केंद्रीय फेरीतून घेतलेल्या जागेलाच मिळते.

म्हणून शाखेचा आणि पैशाचा विचार एकत्रच करावा, आणि तोही अकरावीपासून. अकरावीला गणित सोडले की कृषि अभियांत्रिकी हातची गेली. बी.एस्सी. कृषि मात्र जीवशास्त्रावरही मिळते.

शाखा ओळखायला लांब जायला नको. इंद्रायणी भात तुम्ही सगळेच लावता. वडगावच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली प्रसारित झाला. असे काम करावेसे वाटत असेल तर बी.एस्सी. कृषि करून पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यावे. तळेगाव परिसरातील गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये रमणाऱ्याने उद्यानविद्येकडे पाहावे. लोणावळ्याच्या चिक्कीचा पाक आणि टिकाऊपणा हा अन्नतंत्रज्ञानाचा विषय. आणि बंद पडलेली मोटर उघडून बसणाऱ्या पोराला अभियांत्रिकीच बरी. भावकीतल्या मुलाने घेतली म्हणून शाखा घेणे म्हणजे शेजाऱ्याच्या रानाची माती तपासून आपल्या रानाला खत घालणे!

'ऑनर्स'साठी काही पालक जादा पैसे मोजायला निघतात. त्याची गरज नाही. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमापासून चार वर्षांची कृषि पदवीच बी.एस्सी. (ऑनर्स) या नावाने मिळते.

आता खर्चाचे. वर सांगितलेल्या शाहू महाराज योजनेला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत चालते. राखीव प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. पण घराला खरा जड जातो तो राहण्या-जेवणाचा खर्च. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याची चौकशी फार थोडे पालक करतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. तेथेही अट केंद्रीय फेरीचीच. हुशार मुलाला परराज्यात पाठवायची तयारी असेल तर भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय जागांसाठी सीयूईटी (यूजी) परीक्षा द्यावी. तिच्यातून दुसऱ्या राज्यात प्रवेश घेणाऱ्यास राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती मिळते.

उत्पन्नाचा आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला आवणीआधीच काढून ठेवा. विद्यार्थ्याच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना, तेही पाहा. महाडीबीटीचे पैसे तेथेच येतात.

ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत, त्यांनी चहानंतर थांबावे. गणिताचे बोलू.