बंगळूरचं दार

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक मैत्रीण म्हणाली, "पोरगी बी.एस्सी. झाली. पुढं बंगळूरला शिकायचं म्हणते. घरचे म्हणतात, एवढ्या लांब कशाला? काय करू?" आम्हाला तेव्हा उत्तर सुचलं नाही. म्हणून आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची गोष्ट सांगतो.

ही संस्था जमशेटजी टाटांच्या मनातली. त्यांनी त्यासाठी आपली मिळकत देऊ केली, पण १९०४ साली ते वारले. संस्था त्यांनी पाहिलीच नाही. म्हैसूरच्या राजघराण्यानं सुमारे ३७१ एकर जागा दिली. १९०९ साली संस्था स्थापन झाली, १९११ साली पहिले विद्यार्थी आले. सुरुवातीला रसायन आणि वीज हेच मुख्य विषय. १९५८ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज तिथं चाळीसच्या वर विभाग आहेत.

पण १९३३ साली कमला भागवत ही आपली मराठी मुलगी तिथं गेली, तेव्हा तिला नकार मिळाला. कारण एकच, ती मुलगी. संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. कमलाबाई हटल्या नाहीत, नकाराचं कारण विचारत राहिल्या. शेवटी अटी घालून एक वर्ष आजमावण्यापुरतं घेतलं. त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर असं काम केलं, की प्रवेश पक्का झाला आणि पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. याच त्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण.

याच संस्थेनं १९७४ साली खेड्यांसाठी 'अस्त्र' नावाचा गट काढला. त्यांनी कमी सरपणात चालणारी, धूर बाहेर नेणारी चूल तयार केली. म्हणजे तिथलं शिक्षण आपल्या चुलीपर्यंतही पोचतं.

आता त्या मैत्रिणीला आमचं उत्तर. बी.एस्सी.नंतर तिथं पीएच.डी.पर्यंतचा सलग अभ्यासक्रम आहे. त्यासाठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा असते. निवड झाली तर विद्यावृत्ती मिळते, मुलींचं वसतिगृहही आहे. ताई, फॉर्म भरू द्या तिला. घरच्यांशी बोलायला आम्ही सगळ्याजणी तुमच्याबरोबर येतो.