एका ताटापासून एका अधिकारापर्यंत : ख्रिस्ती समाज आणि वंशभेद

ख्रिस्ताच्या ठायी यहूदी-हेल्लेणी किंवा दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही, असे पौलाने गलतीकरांना कळवले. इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानात मात्र गोरा-देशी हा भेद मिशनच्या कारभारातच टिकून राहिला. पैसा, नेमणुका आणि अंतिम निर्णय गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाती होते, तर देशी पाळक आणि शिक्षक त्यांच्या पगारावर होते. उपासनेतला बंधू कचेरीत साहेब होई.

या विसंगतीवर महाराष्ट्रात ठामपणे बोट ठेवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. 1895 साली बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. देशी ख्रिस्ती माणसाने परक्याच्या छायेत न राहता स्वतःच्या भाषेत आणि स्वतःच्या बळावर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह होता. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. 1919 साली त्यांचे निधन झाले.

टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ स्थापला. या संघाच्या आश्रमात इंग्रज आणि हिंदी सभासद एकत्र राहत, खादी वापरत आणि जमिनीवर बसून एकाच पंगतीत शाकाहारी जेवण घेत. राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यातले अंतर रोजच्या राहणीतून मोडायचे, हा त्यामागचा विचार होता.

याच संघातले इंग्रज व्हेरियर एल्विन आणि भारतीय शामराव हिवाळे 1932 साली जबलपूरच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड गावी आले. राजनिष्ठेची शपथ घेण्यास एल्विन तयार नव्हते, म्हणून नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मकार्याचा परवाना दिला नाही. पुढे एल्विन यांनी चर्च सोडले. दोघांनी मिळून शाळा, दवाखाना आणि कुष्ठरुग्णांची सेवा चालवली. हिवाळे यांनी परधान जमातीवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला. तरीही जगाला ठाऊक झाले ते एल्विन. इतक्या जिवलग सहवासातही नावलौकिकाची वाटणी सारखी झाली नाही.

गोऱ्यांची सत्ता गेल्यावर कारभार देशी हातांत आला. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना होऊन अनेक पंथ एकत्र आले. परंतु वंशभेदाचा सख्खा भाऊ असलेला जातिभेद एवढ्याने संपला नाही. सोवळे-ओवळे सोडताना मनाची किती ओढाताण होते, हे नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले आहे. बाप्तिस्म्याने धर्म बदलतो. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात मात्र अजूनही विचारली जाते.

या साऱ्या अनुभवाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. सद्भावना आणि सहभोजन ही समेटाची सुरुवात आहे. अधिकार, पैसा, श्रेय आणि सोयरीक यांत समान वाटा मिळतो तेव्हाच समेट पुरा होतो. प्रत्येक ख्रिस्ती मंडळीने आपल्या पंचांची यादी आणि आपल्या घरातली लग्ने या कसोटीवर तपासून पाहावीत.