धावत्या गाडीतला फोन



रेल्वे फाटकाशी थांबलात की कान देऊन ऐका. इंजिन जवळ येताना शिट्टीचा सूर चढा लागतो, पुढे गेले की उतरतो. शिट्टी तीच, फरक वेगाचा. ख्रिश्चन डॉप्लर यांनी हे १८४२ मध्ये मांडले. १८४५ मध्ये नेदरलँड्समध्ये चालत्या रेल्वेत तुतारीवादक बसवून त्याची परीक्षा झाली.

मोबाईलच्या लहरींचेही असेच होते. टॉवरकडे ताशी १०८ किलोमीटर वेगाने निघालेल्या गाडीत ९०० मेगाहर्ट्झची लहर सेकंदाला ९० कंपनांनी सरकते, तर २६ गिगाहर्ट्झची तब्बल २,६०० कंपनांनी. कंपने जास्त, तसा घोळही जास्त.

आजचे ४जी, ५जी फोन माहिती शेजारशेजारच्या बारीक लहरींवर पाठवतात. तिफणीने ओळीत पेरावे तशी. वेगाने ओळी सरकल्या की एकीतले बी दुसरीत पडते आणि बोलणे तुटते. २०१७ मध्ये रॉनी हदानी आणि सहकाऱ्यांनी ‘ओटीएफएस’ ही वेगळी पद्धत मांडली. तिच्यात माहितीचा प्रत्येक दाणा एका ओळीत न टाकता वावरभर विखुरतात. एखादा पट्टा वाहून गेला तरी सगळे जात नाही. घेणारे यंत्र हिशेब करून ते पुन्हा जुळवते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीची आयआयटी इथेही यावर काम झाले आहे.

परीक्षा आधी प्रयोगशाळेत होते, वेगाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर. पण खरा कस धावत्या गाडीतच लागतो. दोन्ही पद्धती सारख्याच ताकदीने चालवायच्या आणि चुका किती, उशीर किती, ते मोजायचे. नव्या पद्धतीत यंत्राला हिशेब जास्त करावा लागतो, म्हणून उशीरही बघायचा.

अडलेल्या बाईला घेऊन रुग्णवाहिका निघते, वाटेतून डॉक्टरांना रक्तदाब कळवायचा असतो. तेव्हा हे मोलाचे ठरेल. पण वाटेवर टॉवरच नसेल तर कोणतीही पद्धत उपयोगाची नाही. त्यातून जास्त कंपनांच्या लहरी फार लांब जात नाहीत. त्यांना टॉवर जवळजवळ लागतात.

म्हणून गटाच्या वहीत एक पान ठेवा. फोन तुटला की जागा, वेळ आणि गाडी उभी होती की धावती, एवढे लिहा. उभ्या गाडीतही रेंज नसेल तर दोष वेगाचा नव्हे. ते पान ग्रामसभेत वाचून दाखवा आणि टॉवर मागा.