दोन गोळ्या

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत शंभर गोळ्यांची एक छोटी बाटली असते. सकाळी उठलं की चहाच्या आधी त्यातली एक गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. ही थायरॉइडची गोळी. येणारीजाणारी तिच्याकडे बघते, "अगं, मलाही आहे" म्हणते आणि मग डोस किती, वजन किती, अशा गप्पा रंगतात. दुसरी गोळी मात्र कितीतरी दिवस कपाटात, साड्यांच्या घडीखाली होती. ती डिप्रेशनची. आज बोलायचंय ते या दुसऱ्या गोळीबद्दल, पण पहिलीला वगळून तिची गोष्ट सांगता येत नाही.

२००९ सालचा उन्हाळा. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मे महिन्यात सगळं घर घामाने निथळत असताना मी पंखा बंद करा म्हणायची. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, आवाज घोगरा झाला होता. मी शाळेत मराठी शिकवायचे, आणि शिकवता शिकवता साधा शब्द आठवेना.

एक सकाळ अजून डोळ्यांपुढे आहे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसे. पाण्याचा वार म्हणजे घरातलं सगळ्यात मोठं काम. त्या दिवशी नळ वाहत होता, मी पलंगावर पडून तो आवाज ऐकत होते आणि उठले नाही. पाणी गेलं, टाकी रिकामी राहिली. कुणी रागावलं नाही. सासूबाई नुसतं म्हणाल्या, "माय, बरं नाही का तुला?" रागावल्या असत्या तर सोसलं असतं. त्या 'माय'नं मात्र मी फार रडले.

पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, चाळिशीत असं होतंच, फिरायला जा. महिनाभर हिमायत बागेत फिरले. म्हणजे पाय ओढले. दुसऱ्या डॉक्टरांनी माझा आवाज ऐकूनच रक्त तपासायला लावलं. टीएसएच निघालं ४८. ते साधारण चारच्या आत असावं लागतं. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला मारलेली हाक. गळ्यातली ग्रंथी जितकी सुस्त, तितकी हाक मोठी. या सुस्तीचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्थाच त्या ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये ग्रंथीतल्या या बिघाडाचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. माझं कारण तेच होतं. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत साधारण दहा प्रौढांमागे एकाची थायरॉइड मंद आढळली होती.

गोळी सुरू झाली. ती रिकाम्या पोटी घ्यायची, अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर ठेवायचं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. हळूहळू थंडी गेली, आवाज मोकळा झाला. रिपोर्ट आला २.६. घरात पेढे आले.

आणि मी तशीच पलंगावर.

माझा सगळ्यात वाईट काळ इथून सुरू झाला. आजारी होते तोवर आजाराची सबब तरी होती. आता जो तो म्हणे, "रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग आता काय झालं?" तो कागद जणू माझ्याविरुद्धचा पुरावाच झाला. मलाही वाटे, दोष थायरॉइडचाच, गोळीच कमी पडतेय. मी मनानेच दीड गोळी घ्यायला लागले. छाती धडधडायला लागली, हात थरथरू लागले, मन मात्र जिथल्या तिथे. हा शहाणपणा कृपा करून कुणी करू नका. जास्तीच्या डोसाने हृदयाला त्रास होतो, हाडंही ठिसूळ होतात.

पुढे वाचनात आलं की लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर नावाच्या डॉक्टरांनी १९४९ मध्ये मंद थायरॉइडमुळे मन पार बिघडलेल्या १४ रुग्णांची हकीगत लिहिली होती. थायरॉइडचा उपचार केल्यावर त्यातले बरेचसे बरे झाले. सगळे झाले नाहीत. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती, तर माझी दोन वर्षं वाचली असती.

२०११ मध्ये एका मैत्रिणीने हाताला धरून मला घाटीत नेलं, मनोविकार विभागात. डोक्यावरून पदर घेऊन रांगेत बसले होते, तर समोर माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. दोघंही दचकलो. ते म्हणाले, "बाई, दात दाखवायला आलात का?" मी म्हटलं, "हो, दाढ दुखतेय. तुम्ही?" "मीपण दाढच." दंत महाविद्यालय त्याच आवारात आहे, पण आम्ही बसलो होतो ती रांग दातांची नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आत डॉक्टरांनी सरळ विचारलं, "मरून जावं असं वाटतं का?" मी नाही म्हणाले. चिठ्ठी घेऊन दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणाले, "हो, वाटतं." त्यांनी दार लावून घेतलं आणि मला पुन्हा बसवलं. मग म्हणाले, तुम्हाला दोन आजार आहेत. एकातून दुसरा आला असेल किंवा नसेल, आता दोन्हींवर औषध घ्यायचं.

या गोळीचा गुण यायलाही काही आठवडे लागले. सोबत समुपदेशन होतं. मी एक वही केली. त्यात रोज तीनच नोंदी: किती वाजता उठले, अंघोळ केली का, पाणी भरलं का. बरं वाटलं की करीन, असं म्हणत मी दोन वर्षं घालवली होती. आता आधी करायचं, वाटायचं तेव्हा वाटेल. काही पानांवर तिन्ही रकाने कोरे आहेत. तीही पानं मी फाडलेली नाहीत.

आजार कायमचा गेला, असं मी म्हणणार नाही. नंतर दोनदा तो परतला. पहिल्यांदा टीएसएच पुन्हा चढलं होतं, दुसऱ्यांदा ते अगदी ठीक होतं. म्हणून आता दिवस जड जायला लागले की आधी रक्त तपासते, रिपोर्ट काहीही येवो, मनाच्या डॉक्टरांकडेही जाते, आणि दोन्ही डॉक्टरांना दोन्ही गोळ्यांची नावं सांगते. मनाच्या आजारावरचं लिथियम घेणाऱ्यांनी तर थायरॉइड अधूनमधून तपासायलाच हवी, कारण त्या औषधाने ती मंदावू शकते. आणि दारापर्यंत जाऊन परत फिरायचं बळ ज्यांना होत नाही, त्यांच्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी दूरध्वनी २०२२ पासून आहे. तिथे मराठीतून बोलता येतं.

साड्यांखालची ती गोळी एकदा सासूबाईंच्या हाती लागली. कपाट आवरताना. मी शाळेतून आले, तर त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर ते पाकीट खिडकीत, बाटलीच्या शेजारी ठेवलेलं.

"ही बी उपाशीपोटीच घ्यायची का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "रात्री, जेवल्यावर."

"मग रात्री मी आठवण करीत जाईन," म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.