बाटली धरली का?

राहात्याच्या पेरूचं कौतुक राहातेकरांना सांगत बसत नाही. स्क्वॅश तुम्ही करताच. माल वाढला की हातानं झाकणं पिळणं जमत नाही, मग कॅपिंग मशीन बघायला निघता आणि पहिलाच प्रश्न विचारता, "मिनिटाला बाटल्या किती?" तुमचीही चूक नाही. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं, तेव्हापासून आपण यंत्र दिवसाच्या टनांवरच जोखत आलो. पण इथं तो प्रश्न शेवटचा. पहिला प्रश्न, मशीन बाटली धरतं कसं?

लोणच्याची बरणी आठवा. आई ती पोटाशी धरते आणि मग झाकण पिळते. बरणी तेलकट असली तर पदर गुंडाळते, कारण गोल बरणी झाकणाबरोबर स्वतःच फिरते. चौकोनी डबा कोपऱ्यावर अडतो, गोल बाटलीला कोण अडवणार? मशीनमधला पदर म्हणजे दोन बाजूंचे रबरी पट्टे. ते गुळगुळीत झाले किंवा दोघांची गती सारखी नसली, की बाटली गिरकी घेते आणि झाकण नुसतं टेकतं. फार आवळले तर पातळ पेट बाटली पोटात चेपते, स्क्वॅश तोंडाशी येतो. पदर किती आवळायचा ते आईला कळतं, मशीनला आपण लावून द्यावं लागतं.

एका बचतगटात पाहिलं. झाकणं दिसायला झकास, पण खोक्याच्या तळाशी मुंग्यांची रांग! बाटली आडवी केली, तर झाकणाच्या कडेनं थेंब डोकावला.

म्हणून पुन्हा सांगतो, बाटली धरली का ते बघा. आपलीच बाटली, आपलंच झाकण, आपलाच स्क्वॅश घेऊन जा. पाणी भरून दाखवतील, ऐकू नका. हात चिकट होतील, होऊ द्या. बाटलीवर पेननं उभी रेघ मारा. पिळताना रेघेचं तोंड फिरलं, की बाटली फिरली.

पीळ किती? ढोबळ हिशेब असा, की झाकणाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या निम्मे इंच-पौंड. म्हणजे २८ ला १४. तेवढा पीळ बसला की सुटणारा क्लच मशीनच्या डोक्यात हवाच. आता जे गरम गरम भरतात, त्यांचं झाकण बाटली निवल्यावर सैल का पडतं, तर... समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागलाय. ते राहिलं.

एवढं मात्र ऐका. रेघ मारून बघितल्याशिवाय विसार देऊ नका.