चाल कुणाची?

(मंडणगड येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आत्ता आपण गाणं म्हटलं, त्याची चाल कुणाची? पुस्तिकेत छापलंय, 'चाल : पारंपरिक'. ती चाल मी भातलावणीच्या चिखलात उभी राहून बसवली. छापताना मीच म्हटलं, "माझं नाव कशाला?"

लता मंगेशकर गायिका म्हणून घराघरांत पोचल्या. पण त्या संगीतकारही होत्या. १९५० साली 'राम राम पाव्हणं' या चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. पुढे 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना दिलं ते 'आनंदघन' या नावाने. 'साधी माणसं'ला संगीताचा राज्य पुरस्कार मिळाला, तेव्हा लताबाई जागेवरच गप्प बसून राहिल्या. आनंदघन म्हणजे त्याच, हे निवेदकाला सांगावं लागलं.

त्यांच्या बहिणीने, मीना खडीकरांनी, स्वतःच्या नावाने संगीत दिलं. 'सांग सांग भोलानाथ' आपल्या पोरांना पाठ आहे. संगीतकार बाई आहे, हे किती जणींना माहीत होतं?

बाईने गावं, हे सगळ्यांना चालतं. पण चाल कशी, ढोलकी कुठे, थांबायचं कधी, हे बाई ठरवते, असं कुणी धरतच नाही. आपणही नाही. लताबाईंचं नाव शेवटी उघड झालं. आपलं लपलं की कायमचं लपतं.

पुस्तिका पुन्हा छापायची आहे. चाल बसवणाऱ्या प्रत्येकीने जाताना या वहीत नाव लिहावं. पहिलं मी लिहिते.