दाह आणि हृदय



पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हाच दाह. तो मुळात आपला राखणदार. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावून येतात, रासायनिक निरोप धाडून कुमक मागवतात आणि बहुधा जागच्या जागीच लढाई निकालात काढतात. परंतु हा प्रतिकारच बेताल होऊन आपल्या अवयवांना इजा करू लागला, म्हणजे त्या अवस्थेला सेप्सिस म्हणतात. न्युमोनिया, मूत्रमार्गाचा किंवा बाळंतपणातला संसर्ग, चिघळलेली जखम, कशातूनही ती उद्भवते. संसर्ग असतो पायात आणि थकते हृदय! हे कसे, एवढाच आजचा प्रश्न.

१९८४ साली अमेरिकेत बेथेस्डा येथील सरकारी संशोधनसंस्थेत सेप्सिसने रक्तदाब कोसळलेले २० रुग्ण अभ्यासले गेले. निरोगी हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातील निम्म्याहून अधिक रक्त बाहेर लोटतो. वाचलेल्या १३ रुग्णांपैकी १० जणांत हे प्रमाण ४० टक्क्यांखाली उतरले होते आणि कप्पा फुगला होता. पण सुमारे दहा दिवसांत ते हृदय पूर्ववत झाले! मेलेला स्नायू दहा दिवसांत पुन्हा उगवत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटून पेशी मरतात. इथे बहुतेक पेशी जिवंत असतात, फक्त त्यांचे काम मंदावते.

मग त्यांना थोपवते कोण? १९८५ साली त्याच संशोधकांनी नवजात उंदरांच्या हृदयपेशी काचपात्रात वाढवल्या. अशा पेशी तिथेही आपोआप धडधडतात. त्यांवर रुग्णांच्या रक्तातील द्रव घालताच त्यांचे आकुंचन घटले. तेच रुग्ण बरे झाल्यावर घेतलेल्या द्रवाने तसे झाले नाही. दोष रक्तात होता. त्यामागे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन-१ ही दाहाची निरोपी द्रव्ये आहेत, हे १९९६ मध्ये दाखवले गेले. कुमक मागवणारा निरोपच हृदयाला भोवतो, तो असा!

पेशीच्या आत काय घडते? आकुंचनाची कळ कॅल्शियमच्या हाती. दाहामुळे त्याची ये-जा बिघडते, आणि आकुंचन पावणारे तंतूही त्याला नीटसा प्रतिसाद देत नाहीत. वाढलेले नायट्रिक ऑक्साइड स्नायू ढिला करते. पेशीतील ऊर्जेच्या भट्ट्या, म्हणजे तंतुकणिका, मंदावतात. प्राणवायू दाराशी येऊनही पुरता वापरला जात नाही. दुष्काळात शेतकरी बियाणे राखून पोटाला चिमटा घेतो, तशी पेशी काम आवरून जीव राखत असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

तेव्हा थकल्या बैलाला पराणी टोचून गाडी निघत नाही. आकुंचन वाढवणारे लेव्होसिमेंडान हे औषध ब्रिटनमध्ये सेप्सिसच्या रुग्णांना सरसकट देऊन पाहिले. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, फायदा नाही. खरा उपाय मूळ संसर्ग उखडण्यात आहे: वेळेवर प्रतिजैविके, पू असल्यास त्याचा निचरा, आणि तोवर सलाइन व औषधांनी रक्तदाब सांभाळणे.

इथे आपले काम सुरू होते. संसर्ग झालेल्या माणसाला धाप लागली, तो असंबद्ध बोलू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडले, तर ‘ताप आहे, उतरेल सकाळपर्यंत’ असे म्हणू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. हृदय सावरू शकते. त्याला तेवढी सवड मिळवून देणे घरच्यांच्या हाती असते.